२७ वर्षांचा होईपर्यंत: आइस हॉकीपटूचं करिअर चालतं कसं?

लातुरात स्केटिंगच्या वर्गाला येणाऱ्या लेकरांना मोबाइलवर आइस हॉकीची क्षणचित्रं सापडली की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. त्यातले दोन प्रश्न पालकही बाजूला घेऊन विचारतात. यात पैसा किती? आणि खेळाडू संघात जातो कसा, आयपीएलसारखा लिलाव असतो का? लिलाव नसतो. पैशाचं उत्तर मात्र एका आकड्यात देता येत नाही, कारण एकाच खेळाडूची या आठवड्याची आणि पुढच्या आठवड्याची रोजची कमाई यांत दहापट फरक असू शकतो.

हे करिअर समजून घ्यायचं असेल तर मी मुलांना एकच प्रश्न धरून ठेवायला सांगते. हा खेळाडू कुठल्या संघात खेळणार, कुठल्या गावात राहणार, हे ठरवतं कोण? आयुष्यातली सर्वांत जोमाची वर्षं हे तो स्वतः ठरवत नाही. त्याची जन्मतारीख ठरवते, क्लब ठरवतो, करारातलं एखादं कलम ठरवतं. खऱ्या अर्थानं मोकळा तो साधारण २७ व्या वर्षी होतो.

आधी खेळाचा अंदाज येऊ द्या. एका बाजूचे सहा जण बर्फावर असतात, त्यातला एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांची तीन सत्रं. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, तिला पक म्हणतात. ती तीन इंच रुंद आणि एक इंच जाड असते. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, नाहीतर उसळ्या मारते. जोरात मारली तर ताशी १६० किलोमीटरपर्यंत जाते. जगातली सर्वांत मोठी लीग म्हणजे अमेरिका-कॅनडातली एनएचएल. ती १९१७ साली सुरू झाली, आज तिच्यात ३२ संघ आहेत आणि विजेत्याला स्टॅनली कप मिळतो. तिथले संध्याकाळचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचार-साडेपाचला सुरू होतात.

आता करिअरची सुरुवात. कॅनडातलं मूल चार-पाच वर्षांचं असताना बर्फावर उभं राहतं. स्केट, हेल्मेट, पॅड, हातमोजे, स्टिक असा सगळा सरंजाम लागतो आणि पाय वाढले की स्केट पुन्हा नवे. रिंकचं, म्हणजे बर्फाच्या मैदानाचं, भाडं तासावर. त्यामुळे हा मध्यमवर्गालाही जड जाणारा खेळ आहे, हे तिथले पालकच सांगतात. सोळाव्या वर्षी हुशार मुलं ज्युनियर लीगमध्ये जातात. कॅनडात अशा तीन मोठ्या लीग आहेत. मुलगा घरापासून शेकडो किलोमीटर लांबच्या गावात, एखाद्या अनोळखी कुटुंबात राहतो, तिथल्याच शाळेत जातो आणि हिवाळाभर बसनं प्रवास करत सामने खेळतो. दुसरा रस्ता अमेरिकी विद्यापीठांचा. तिथं शिष्यवृत्ती मिळते, पदवी हातात पडते. पूर्वी ज्युनियर लीग खेळलेल्या मुलाला विद्यापीठाचं दार बंद होतं. २०२५ पासून ते उघडलं आहे. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांतला हा सर्वांत चांगला बदल आहे, कारण सोळाव्या वर्षी घेतलेल्या एका निर्णयामुळे पोराचं शिक्षण हातचं जात होतं.

एनएचएलमध्ये शिरायचा मुख्य दरवाजा म्हणजे ड्राफ्ट. दरवर्षी उन्हाळ्यात ३२ संघ सात फेऱ्यांत सव्वादोनशेच्या आसपास मुलं निवडतात. आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघांना निवडीत पुढचा नंबर मिळतो. मुद्दाम हरून कुणी पहिला नंबर लाटू नये म्हणून वरच्या क्रमांकांसाठी सोडत काढतात. आयपीएलच्या लिलावात खेळाडूवर बोली लागते आणि किंमत वर चढते. ड्राफ्टमध्ये बोलीच नाही. ज्या संघानं नाव घेतलं, त्याच्याशीच बोलणी करायची. दुसरा संघ जास्त पैसे द्यायला तयार असला तरी त्याला मधे पडता येत नाही. निवडलेल्या मुलाशी करार करायला संघाकडे ठरावीक मुदत असते. तोवर मुलगा त्यांच्या नावावर. आणि नाव घेतलं म्हणजे जागा मिळाली असं अजिबात नाही. निवडलेल्यांपैकी पुष्कळ जण एनएचएलचा एकही सामना खेळत नाहीत.

ड्राफ्टला पात्र व्हायचं तर त्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत १८ वर्षं पूर्ण लागतात. अमेरिकी खेळाडू ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी त्याची २०१५ ची संधी हुकली. ज्युनियरमध्ये आणखी एक वर्ष काढण्याऐवजी तो स्वित्झर्लंडला गेला, झ्युरिकच्या क्लबकडून मोठ्या माणसांबरोबर खेळला आणि २०१६ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. २०२३-२४ च्या हंगामात त्यानं ६९ गोल केले.

आपल्याकडच्या मुलांना मॅथ्यूजची गोष्ट मी आणखी एका कारणासाठी सांगते. तो वाढला अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात, फिनिक्सजवळ. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ वर गेला की आपला जीव नकोसा होतो. फिनिक्सचा उन्हाळा त्याच्याही वर जातो. तिथं हॉकी पोचली कशी? त्याची सुरुवात एका खेळाडूच्या अदलाबदलीत आहे. ९ ऑगस्ट १९८८ रोजी एडमंटन संघानं वेन ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं. हा त्या काळचा सर्वोत्तम खेळाडू होता, आणि तीनच महिन्यांपूर्वी त्यानं एडमंटनला स्टॅनली कप जिंकून दिला होता. कॅनडात इतका गहजब झाला की एका खासदारानं सरकारनं हा व्यवहार रोखावा अशी मागणी केली. पण ग्रेट्झकीमुळे कॅलिफोर्नियात रिंक उभ्या राहिल्या, उष्ण प्रदेशातही हा खेळ चालतो असं मालकांना दिसलं, आणि १९९६ साली कॅनडातल्या विनिपेगचा संघ उचलून फिनिक्सला नेला गेला. त्या संघाचे सामने बघत मॅथ्यूज लहानाचा मोठा झाला. २०२४ मध्ये तोही बंद पडला आणि त्याचे सगळे खेळाडू युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला गेले. बायकामुलं, मुलांच्या शाळा, भाड्याची घरं, सगळ्यासकट. कुणाला विचारलं नव्हतं.

करारावर येऊ. १८ ते २१ वयात सही करणाऱ्याचा पहिला करार तीन वर्षांचा असतो आणि त्याच्या पगाराला वरची मर्यादा ठरलेली असते. या करारात बहुधा दोन पगार लिहिलेले असतात. एनएचएलमध्ये असशील तर हा, खालच्या एएचएलमध्ये असशील तर तो. प्रत्येक एनएचएल संघाचा एएचएलमध्ये एक जोडसंघ असतो आणि त्याच्याखाली आणखी एक लीग, ईसीएचएल. २०२५-२६ च्या हंगामात एनएचएलचा किमान वार्षिक पगार ७ लाख ७५ हजार डॉलर होता, म्हणजे साडेसहा कोटी रुपयांच्या वर. एएचएलचा किमान पगार ५० हजार डॉलरच्या थोडा वर. ईसीएचएलमध्ये आठवड्याला काहीशे डॉलर. एनएचएलचा पगार दिवसावर मोजतात, त्यामुळे वर बोलावलेल्या मुलाला त्या दिवसाचे सुमारे ४ हजार डॉलर मिळतात. परत खाली पाठवलं की त्या दिवसापासून खालचा दर. सुरुवातीला दिवसाच्या कमाईतला दहापट फरक म्हटलं, तो हा.

हा वर-खालीचा प्रवास कसा असतो ते अर्शदीप बैंसकडे बघून कळतं. कॅनडातल्या सरे या पंजाबीबहुल शहरातला हा मुलगा. ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. मग २०२१-२२ मध्ये त्यानं पश्चिम कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये गोल आणि गोलसाहाय्य मिळून ११२ गुण केले, अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक. तेव्हा व्हँकुव्हरच्या एनएचएल संघानं त्याच्याशी थेट करार केला. एनएचएलचा पहिला सामना फेब्रुवारी २०२४ मध्ये. त्यानंतर पुन्हा खाली, पुन्हा वर. व्हँकुव्हरचा जोडसंघ ॲबट्सफर्डला आहे. २०२५ मध्ये त्या संघानं एएचएलचं विजेतेपद मिळवलं तेव्हा बैंस संघात होता आणि प्रशिक्षक होता मॅनी मल्होत्रा. मल्होत्राचे वडील भारतीय वंशाचे. तो स्वतः १९९८ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला होता आणि एनएचएलचे ९९१ सामने खेळला. या दोघांच्याही आधी, १९८९ साली, रॉबिन बावा हा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू एनएचएलमध्ये उतरला होता.

नवख्याला खाली पाठवणं सोपं असतं. थोडी वर्षं झालेल्या खेळाडूला पाठवायचं तर संघाला आधी त्याला ‘वेव्हर’वर ठेवावं लागतं. म्हणजे बाकीच्या ३१ संघांना २४ तासांची मुदत मिळते. हवा असेल त्यानं आहे त्या करारासकट उचलावा. कुणी उचललं नाही तर खेळाडू खाली जातो. उचललं तर दुसऱ्याच दिवशी बॅग भरून तो दुसऱ्या टोकाच्या शहरात. मला हा नियम क्रूर वाटत असे. आता तो खेळाडूच्या बाजूचाही वाटतो, कारण त्यामुळे चांगल्या खेळाडूला एखादा संघ वर्षानुवर्षं खाली कुजवत ठेवू शकत नाही. अदलाबदलीचं मात्र तसं नाही. करारात ‘माझ्या संमतीशिवाय हलवायचं नाही’ असं कलम असल्याशिवाय खेळाडूला नाही म्हणायची सोय नाही, आणि ते कलम घालून घेण्याइतकं वजन फार थोड्यांकडे असतं.

पहिला करार संपला तरी सुटका नाही. संघानं ठरावीक रकमेचा प्रस्ताव ठेवला की हक्क त्याच्याकडेच राहतात. दुसरा संघ बोली लावू शकतो, पण मूळ संघ तेवढीच रक्कम देऊन खेळाडू ठेवून घेऊ शकतो. सोडलं तर रकमेनुसार भरपाई म्हणून ड्राफ्टमधल्या जागा मिळतात. असं क्वचित घडतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सेंट लुइसनं एडमंटनचे दोन तरुण खेळाडू असेच नेले, तेव्हा त्याची मोठी बातमी झाली. वय २७ किंवा एनएचएलचे सात हंगाम, यातलं जे आधी होईल, तेव्हा खेळाडू मोकळा होतो आणि १ जुलैला कुठल्याही संघाशी बोलू शकतो. एनएचएलमधली सरासरी कारकीर्द चार-पाच वर्षांच्या आसपास धरली जाते. म्हणजे बहुतेकांची गोष्ट मोकळं होण्याआधीच संपलेली असते.

मोठ्या पैशाला छप्पर आहे. प्रत्येक संघानं पगारावर किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा असते. २०२५-२६ साठी ती ९ कोटी ५५ लाख डॉलर होती. एकाच खेळाडूला त्यातला २० टक्क्यांहून जास्त वाटा देता येत नाही. त्यामुळे एका ताऱ्याला भरभरून दिलं की चौथ्या फळीतल्यांचा खिसा आखडतो. मिनेसोटाच्या किरिल काप्रिझॉव्हनं सप्टेंबर २०२५ मध्ये आठ वर्षांसाठी १३ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला, लीगच्या इतिहासातला सर्वांत मोठा. हाच मुलगा २०१५ च्या ड्राफ्टमध्ये १३५ वा होता.

आणि करारावर लिहिलेला आकडा पूर्ण हातात पडत नाही. लीगच्या हॉकीतून येणाऱ्या उत्पन्नाचा निम्मा वाटा खेळाडूंचा आणि निम्मा मालकांचा, असं ठरलेलं आहे. पण हंगाम संपेपर्यंत उत्पन्न किती झालं ते कळत नाही. म्हणून प्रत्येक पगारातून काही टक्के कापून बाजूला ठेवतात. याला एस्क्रो म्हणतात. आपल्याकडं कारखाना उसाचा पहिला हप्ता देतो आणि साखर, मळी, उपपदार्थ यांचा हिशेब लागल्यावर अंतिम दर ठरतो, तसंच हे. उत्पन्न चांगलं झालं तर कापलेले पैसे परत येतात, कमी झालं तर मालकांकडे जातात. शिवाय कर आणि एजंटची टक्केवारी आहेच.

आता प्रत्यक्ष काम. टीव्हीवर जे दिसत नाही ते स्केटच्या पात्यात असतं. पातं जेमतेम तीन मिलिमीटर जाड. त्याच्या तळाला लांबीभर एक खोलगट पन्हळ घासतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या धारा तयार होतात. खेळाडू एका वेळी यातल्या एका धारेवर झुकलेला असतो. पन्हळ खोल असेल तर धार बर्फाला घट्ट पकडते, वळणं जोरात घेता येतात, पण सरकताना पाय जड होतो आणि थकवा लवकर येतो. उथळ असेल तर घसरण मोकळी, पण पकड कमी. प्रत्येकाची खोली वेगळी आणि ती संघाच्या साहित्य सांभाळणाऱ्या माणसाला पाठ असते. गोलच्या लोखंडी खांबाला किंवा दुसऱ्याच्या पात्याला घासून धार गेली की खेळाडू वळताना एकाएकी आडवा होतो. बघणाऱ्याला वाटतं तोल गेला. तो मात्र उठून थेट बाकाकडे येतो, पातं बदलून दिलं जातं, आणि काही सेकंदांत तो परत बर्फावर जातो.

बर्फावर एका वेळी तो ४५ सेकंदांच्या आसपासच असतो. याला शिफ्ट म्हणतात. एवढ्या वेळात तो पूर्ण ताकदीनं धावतो, धडका देतो, वळतो. पाऊण-एक मिनिटानंतर मांड्या भरून येतात आणि वेग पडतो. म्हणून खेळ चालू असतानाच कठड्यावरून उडी मारून एक फळी आत येते, दुसरी बाहेर जाते. दमलेला खेळाडू दहा सेकंद जास्त थांबला की गोल बसतो आणि प्रशिक्षक पुढचं सत्रभर त्याला बाकावर बसवून ठेवतो. असे ८२ सामने, ऑक्टोबर ते एप्रिल. २०२६-२७ पासून ८४. मग बाद फेऱ्या. तिथं चार फेऱ्यांत १६ सामने जिंकल्याशिवाय कप मिळत नाही.

शरीर याची किंमत मोजतं. मार्च २०११ मध्ये मल्होत्राच्या डाव्या डोळ्यावर पक बसला. डोळा जवळपास गेलाच होता, तरी तो त्याच हंगामाच्या अंतिम फेरीत उतरला. नवीन खेळाडूंना हेल्मेटची सक्ती १९७९ साली झाली आणि चेहऱ्यावरच्या अर्ध्या काचेची २०१३ मध्ये. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या सामन्यात ॲडम जॉन्सन या खेळाडूच्या गळ्याला स्केटचं पातं लागलं आणि तो गेला. त्यानंतर गळ्याच्या संरक्षक पट्ट्याचा विषय ऐरणीवर आला. सगळ्यांत अवघड दुखापत डोक्याची, कारण ती बाहेरून दिसत नाही. तीनशेहून अधिक माजी खेळाडूंनी डोक्याच्या दुखापतींवरून लीगवर दावे केले होते. २०१८ मध्ये सुमारे १ कोटी ९० लाख डॉलरवर त्यांची तडजोड झाली. ही रक्कम मला अत्यंत अपुरी वाटते.

एनएचएल झालं नाही किंवा संपलं, तर युरोप आहे. स्वीडन, फिनलंड, स्वित्झर्लंड, जर्मनीच्या लीगमध्ये सामने कमी आणि प्रवास छोटा असतो, आणि परदेशी खेळाडूला क्लब सहसा घर आणि गाडी देतो. पुष्कळ जण तिशी तिथं काढतात. पैसा कमी, पण पोरांची शाळा दर वर्षाआड बदलत नाही. बायकांसाठी पक्क्या पगाराची पीडब्ल्यूएचएल जानेवारी २०२४ मध्ये सहा संघांनिशी सुरू झाली, २०२५-२६ मध्ये आठ संघ झाले. पगार पुरुषांच्या तुलनेत फारच थोडा.

आता आपलं. भारतात आइस हॉकीवर पोट भरेल अशी व्यावसायिक लीग नाही. खेळ आहे तो मुख्यतः लडाखमध्ये, डिसेंबर ते फेब्रुवारी तळी गोठतात तेव्हा. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत लष्कर, आयटीबीपी आणि लडाखचे संघ पुढे असतात. खेळाडूचा पगार त्या गणवेशातून येतो. यात कमीपणा काही नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात भरती झाला, सियाचीनमध्ये राहिला आणि पुढे तिथूनच स्टीपलचेसपटू झाला. भारताच्या महिला संघानं २०२५ मध्ये अमिरातीत झालेल्या आशिया चषकात कांस्यपदक जिंकलं, तेही वर्षातले दोन-तीन महिनेच बर्फ मिळत असताना.

मराठवाड्यातल्या लेकराला सुरुवात इनलाइन स्केटवरच करावी लागणार, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या. चार चाकांच्या जोडस्केटवर शिकलेली ढब पुढे मोडावी लागते. पालकांनी नवे स्केट घेताना हे आधी बघावं. उलटं स्केटिंग आणि वळताना पायावरून पाय टाकणं, या दोन गोष्टी सिमेंटवर पूर्ण शिकता येतात. स्टिक आणि पक हाताळणंही घराच्या गच्चीवर जमतं. पुढे बर्फ हवा असेल तर बारमाही रिंक देहरादूनला आहे, गुरुग्रामला आहे. चाकांवरून बर्फावर गेलेल्या मुलाला पहिल्यांदा अडतं ते थांबायला. चाकांवर ते वेग हळूहळू कमी करत थांबतं, तर बर्फावर दोन्ही पाय एकदम आडवे वळवून पात्याच्या धारेनं बर्फ खरवडत थांबायचं असतं. तिथले प्रशिक्षक आधी हेच घोटून घेतात, डाव्या बाजूनं आणि उजव्या बाजूनं, आणि स्टिक त्यानंतर हातात देतात.